माळ्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर

जोगेश्वरी पूर्वेला, आमच्या मजासवाडीच्या बाजूला, गेल्या काही वर्षांत एकेक जुनी इमारत पुनर्विकासाला निघते आहे. घर रिकामं करायची वेळ आली की पहिल्यांदा माळा रिकामा होतो. आणि माळ्यावरून काय काय खाली येतं! तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे, पत्र्याची ट्रंक. एखाद्या घरातून जुना रेडिओ, नाहीतर लोखंडी पेटीतला अ‍ॅम्प्लिफायर. भंगारवाला जिन्याखाली उभाच असतो.

आमच्या शेजारी अण्णा राहत. दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री ऑर्केस्ट्रात हवायन गिटार, असं त्यांचं आयुष्य. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी घर आवरताना त्यांच्या सुनेनं मला हाक मारली. म्हणाली, "काका, सासऱ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर निघालाय. भंगारवाला वजनावर घेतो म्हणतोय. देऊन टाकू का?"

तिच्या मागे तिचा मुलगा उभा होता. कॉलेजात जातो, इलेक्ट्रिक गिटार शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, देऊ नको म्हणून सांगा ना आईला. हा व्हॉल्व्हचा आहे. माझी गिटार यावर वाजेल. थांबा, लावूनच दाखवतो." त्याच्या हातात त्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर होती, टोकाला दोन पिनांचा काळा प्लग. भिंतीवरचं सॉकेट दोन हातांवर होतं.

मी ओरडलोच, "लावू नकोस!"

आज मला या 'लावू नकोस'बद्दल सांगायचं आहे. व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा बोलता करता येतो, आणि तो करण्यात आनंदही मोठा आहे. पण त्याला क्रम असतो. क्रम चुकला तर यंत्र कायमचं जातं, आणि कधी कधी माणूसही जातो. मी १९७०च्या दशकात रेडिओ दुरुस्तीची उमेदवारी सुरू केली तेव्हा आमच्या हाताखालून रोज व्हॉल्व्हचे सेट जायचे. आज ते काम येणारी माणसं कमी उरली आहेत आणि माळ्यांवरून यंत्रं मात्र खाली येत आहेत. म्हणून हे सांगणं.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. मुंबईकरांना पाणीखात्याचा चावीवाला माहीत आहे. तो येतो, रस्त्यातलं झाकण उघडतो आणि लांब चावी फिरवतो. त्याच्या मनगटाचा जोर तो केवढा! पण त्या जोरावर अख्ख्या वाडीचं पाणी सुटतं किंवा बंद होतं. पाण्याला दाब देणारा तो नव्हे, दाब टाकीचा असतो. किती सोडायचं एवढंच तो ठरवतो. रेडिओचा व्हॉल्व्ह हेच काम विजेचं करतो. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. आत एक भाग तापवला जातो, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोर एक धातूची पट्टी, तिला प्लेट म्हणतात. तिच्यावर दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो, ती इलेक्ट्रॉनांना ओढून घेते. आणि या दोहोंच्या मध्ये तारेची एक बारीक जाळी. ही जाळी म्हणजे आपला चावीवाला. गिटारच्या तारांखालच्या पिकअपमधून जेमतेम व्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढा संदेश येतो. तो जाळीवर दिला की त्याच्या तालावर प्लेटकडचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. बारीक आवाजाचा मोठा आवाज होतो तो असा. १९०४ मध्ये इंग्लंडात जॉन फ्लेमिंग यांनी जाळी नसलेला व्हॉल्व्ह केला, आणि १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात जाळी बसवली. त्या जाळीवर पुढे रेडिओ, बोलपट आणि लाउडस्पीकर उभे राहिले.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पंचवीस-तीस वर्षांत त्यानं व्हॉल्व्हला घराबाहेर काढलं. तो लहान, स्वस्त, गार राहणारा. मग गिटारवाले अजून व्हॉल्व्हला का धरून बसले आहेत? आजही मोठ्या कंपन्या गिटारसाठी मुद्दाम व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवतात. हा निव्वळ जुन्याचा सोस आहे का?

तसं नाही, आणि ज्यानं तंबोरा ऐकला आहे त्याला हे चटकन समजेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या किंचित गोलाकार पृष्ठभागाला हलकेच घासत राहते आणि एका षड्जातून त्याच्या पटीतले कितीतरी स्वर जागे होतात. जवारी नसली तर तोच षड्ज, त्याच उंचीचा, पण मुका वाटतो. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला की तो आवाजाच्या लाटेची टोकं एकदम छाटत नाही, हळूहळू चेपत जातो. त्या चेपण्यातून मूळ स्वराच्या पटीतले स्वर उमटतात. ट्रान्झिस्टर साधारणपणे ठरावीक मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ वाजतो आणि ती ओलांडली की लाटेचं टोक सुरीनं कापल्यासारखं कापतो. ते कानाला करकरीत लागतं. कारण वेगळं असलं तरी व्हॉल्व्हचा परिणाम जवारीच्या जातीचा आहे. गिटार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर भरदार. वादकाच्या बोटाला अ‍ॅम्प्लिफायर असं उत्तर देतो, म्हणून वादक त्याला वाद्याचाच भाग मानतात.

आपल्याकडेही हे नातं जुनं आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी पुष्कळांना खरी पुंगी वाटली. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती, आणि ते वाद्य व्हॉल्व्हवरच चालायचं. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी गिटारवर वाजवलेली चित्रपटगीतं आमच्या पिढीनं रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत कितीदा ऐकली असतील, त्याला गणती नाही. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट स्पर्धेतल्या तरुण वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. हा सारा काळ परदेशी अ‍ॅम्प्लिफायर सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर असण्याचा होता. मग वादक काय करत? सभा-समारंभांसाठी बनलेला देशी अ‍ॅम्प्लिफायर घेत, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून एखाद्या मेकॅनिककडून बांधून घेत. व्हॉल्व्हही इथले मिळू लागले होते. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही १९५४ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी १९६०च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत होती.

अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर असाच बांधून घेतलेला निघाला. त्यावर कुणाचं नाव नाही, गाव नाही. पुढचे दोन व्हॉल्व्ह ईसीसी ८३, आवाजाला जोर देणारी ईएल ८४ ची जोडी, आणि घरातल्या उलटसुलट विजेला एकाच दिशेनं वाहायला लावणारा एक ईझेड ८१. सगळ्यांची मिळून ताकद बारा-पंधरा वॅट. आजच्या डीजेच्या जमान्यात हा आकडा हसण्यावारी जाईल, पण एका खोलीत गिटारसाठी तो पुरून उरतो.

आता 'लावू नकोस' का, ते सांगतो. पहिलं कारण कंडेन्सर. यंत्रात विजेचा साठा करणारे मोठे कंडेन्सर असतात. त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी असते आणि तिच्यावर त्याहून कितीतरी पातळ असा ऑक्साइडचा थर. वीज अडवण्याचं काम तो थर करतो. तो टिकतो वापरामुळे आणि आतल्या ओलाव्यामुळे. वीस-तीस वर्षं यंत्र बंद राहिलं की ओलावा सुकतो, थर झिजतो. अशा कंडेन्सरवर एकदम तीनशे व्होल्ट सोडले की थर दाद देत नाही, आत जाळ होतो, वाफ होते आणि कधी कधी डबा फुटतो. जाताना तो व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. म्हणजे बदलायला सोपा असलेला एक भाग न बदलल्यामुळे, बदलता न येण्याजोगा भाग जळतो.

दुसरं कारण अधिक गंभीर. जुन्या यंत्रांना दोन पिनांचा प्लग असे, अर्थिंग नसे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलच्या जाळीमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला, म्हणजे चासीला, जोडलेल्या असतात. आतली एखादी वायर सुटून पत्र्याला लागली किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ओल धरून बसलं, तर घरातली वीज सरळ वादकाच्या बोटांत येते. एक हात तारांवर आणि दुसरा मायक्रोफोनवर असला तर वाट छातीतून जाते. 'स्टोन द क्रोज' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी शहरात भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला, एवढंच निमित्त.

तिसरं कारण मी स्वतः भोगलेलं आहे. हा अ‍ॅम्प्लिफायर प्लग काढल्यावरही मारू शकतो. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी एका यंत्राचा प्लग मी स्वतःच्या हातानं काढला होता आणि त्याच भरवशावर आत हात घातला. कंडेन्सर भरलेला होता. मी मागच्या कपाटावर आदळलो आणि कोपर आठवडाभर दुखत होतं. दोष माझाच होता. त्या दिवशी उस्तादांनी दोन नियम शिकवले ते आजवर पाळतो. एक, पेटी उघडली की आधी साठा उतरवायचा. दहा किलोओहमचा जाड रेझिस्टन्स इन्सुलेशनच्या दांडीला बांधून कंडेन्सर आणि चासीच्या मध्ये दहा सेकंद धरायचा, मग मीटरनं मोजून शून्य आहे का ते पाहायचं. पेचकसानं ठिणगी पाडून साठा उतरवणारे पुष्कळ पाहिले. त्यात कंडेन्सरही बिघडतो आणि डोळ्यालाही धोका. दोन, चालू यंत्रात मोजमाप करताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत असले की वीज छाती ओलांडते.

एवढं सांगितल्यावर सूनबाई म्हणाली, "मग देऊनच टाकते भंगारात." मी म्हटलं, "थांब, तीन रविवार दे मला. मुलालाही माझ्याकडे पाठव."

पहिला रविवार नुसता बघण्यात आणि पुसण्यात गेला. पेटी उघडल्यावर आधी आतले फोटो काढले. कुठली वायर कुठे जाते हे पुढे तेच सांगतात. खाऱ्या हवेनं जागोजाग तांब्यावर हिरवा कळंक चढला होता आणि चार पावसाळ्यांत झुरळांनी एक वायर कुरतडली होती. व्हॉल्व्ह एकेक करून काढले, त्यांच्या जागा कागदावर लिहून ठेवल्या. व्हॉल्व्हच्या काचेच्या डोक्यावर आतून एक चकचकीत रुपेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला, असं समजायचं. अण्णांच्या पाचही व्हॉल्व्हचा डाग शाबूत होता. आणि चासीच्या पोटात, पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलेले चार आकडे सापडले. ज्यानं यंत्र बांधलं त्यानं मोजून ठेवलेले व्होल्ट. मुख्य दाब ३१०, व्हॉल्व्ह तापवण्याचा दाब ६.३, आणि शेजारी 'मेन्स २२०'. या आकड्यांचा पुढे फार उपयोग झाला.

मग ट्रान्सफॉर्मर. अशा यंत्रात दोन मोठे ट्रान्सफॉर्मर असतात, एक घरची वीज आत घेणारा आणि एक व्हॉल्व्हमधला आवाज स्पीकरला देणारा. बाकी सगळं बाजारात मिळतं, हे दोन जसेच्या तसे मिळत नाहीत. हातानं गुंडाळलेले असतात, आवाजाचा पोत बऱ्याच अंशी त्यांच्यावर असतो. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यातला कागद पाणी पितो. म्हणून चासी लाकडी खोक्यात ठेवून, आत चाळीस वॅटचा दिवा लावून दोन दिवस सुकवली आणि मगच इन्सुलेशन तपासलं. दोन्ही ठणठणीत निघाले. स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचे दोन अर्धे भाग मोजले तर एक १६० ओहम आणि दुसरा १७५. मुलाला वाटलं, बिघाड आहे. तसं नसतं. बाहेरचा वेढा मोठा, त्याला तार जास्त लागते. भाकरीच्या टोपलीचा वरचा वेढा खालच्यापेक्षा मोठाच असतो.

दुसऱ्या रविवारी बदलण्याचं काम. त्याआधी आम्ही दोघं लोकलनं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. मोठे कंडेन्सर सगळे नवे घेतले, ४५० व्होल्टचे. दुकानात मुलगा म्हणाला, "आजोबा, मोठे घेऊ या ना, शंभरचे. घरघर आणखी कमी होईल." इथेच पुष्कळजण फसतात. ईझेड ८१ या व्हॉल्व्हला पहिला कंडेन्सर पन्नास मायक्रोफॅरडहून मोठा चालत नाही. मोठा साठा भरताना तो एकदम इतका प्रवाह ओढतो की व्हॉल्व्ह स्वतःच जातो. जुन्या यंत्रात जास्त म्हणजे चांगलं असं नसतं, जेवढ्यास तेवढं.

मग मेणकागदाचे छोटे कंडेन्सर. यांचं काम एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्या व्हॉल्व्हकडे जाऊ द्यायचा आणि दाब मात्र अडवायचा. मेण म्हातारं झालं की दाब झिरपू लागतो. तो पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जातो, म्हणजे चावीवाला चावी उघडी टाकून निघून गेल्यासारखं होतं. प्रवाह वाढत जातो, प्लेट तापून लाल होते. अंधारात हे लाल रूप फार सुंदर दिसतं, पण तो व्हॉल्व्हचा शेवट असतो. हे कंडेन्सर सगळे बदलले. रेझिस्टन्स एकेक मोजले. १०० किलोओहमचा एक १४० वर गेला होता, तो आणि आणखी तीन बदलले. बाकीचे ठीक होते, त्यांना हात लावला नाही. जुन्या कंडेन्सरचा अ‍ॅल्युमिनियमचा उभा डबा वर तसाच ठेवला, फक्त त्याच्या वायरी सोडवल्या आणि नवे खाली, पोटात, झाळले.

प्लगच्या बाबतीत मात्र मी जुनेपणाचा मुलाहिजा ठेवला नाही. दोन पिनांचा प्लग आणि वायर काढून टाकली. तीन पिनांचा प्लग, अर्थची हिरवी वायर चासीला नटबोल्टनं पक्की, आणि फेजवर योग्य फ्यूज. घरातल्या बोर्डवर अर्थिंग खरोखर आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. जुन्या इमारतीत तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं.

तिसऱ्या रविवारी वीज दिली, तीही सरळ नाही. आमच्या धंद्यात सिरीज बल्ब असतो. साधा, तारेचा शंभर वॅटचा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडायचा. इथे एलईडी चालत नाही. यंत्रात शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब खातो आणि पांढरा भक्क पेटतो, यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर भडकतो आणि मग उतरतो. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता पाहिलं, तेव्हा बल्बची तार जेमतेम लालसर दिसली. मग स्पीकर जोडला. हे विसरू नका. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधी वाजवू नये. आवाजाच्या ताकदीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब प्रचंड वाढतो आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. मग व्हॉल्व्ह बसवले. बल्ब भडकला, उतरला आणि नारिंगीवर थांबला. मुलगा इतका वेळ श्वास रोखून होता.

आता पेन्सिलीचे आकडे उपयोगी पडले. यंत्राच्या मागच्या खटक्यावर वीज २२० वर लावलेली होती. आमच्या घरी मीटरनं २३८ दाखवले. तसंच चालू केलं असतं तर ३१० च्या जागी ३३५ व्होल्ट झाले असते आणि व्हॉल्व्ह तापवणारा दाबही तेवढ्याच प्रमाणात वर गेला असता. यंत्र चाललं असतं, पण म्हाताऱ्या माणसाला रोज जिने चढायला लावावं तसं. खटका २४० वर नेला, सिरीज बल्ब काढला, मोजलं तर ३०६. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणी अनोळखी कारागिरानं लिहिलेल्या आकड्यात आणि माझ्या मीटरमध्ये चार व्होल्टांचा फरक होता. ईएल ८४ ची मर्यादा बारा वॅटची, आमचे साडेदहावर चालत होते. व्हॉल्व्ह एकच बदलावा लागला. पुढच्या ईसीसी ८३ ला टिचकी मारली की स्पीकरमधून घंटेसारखा आवाज येई, म्हणजे त्याचे आतले भाग सैल झाले होते. नवा स्लोव्हाकियाचा मिळाला. हे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्येच बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियाची निर्यात काही काळ अडली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ उडाली होती. म्हणून चालत्या जुन्या व्हॉल्व्हला उगाच निवृत्त करू नये.

स्पीकरच्या लाकडी पेटीला वाळवी लागली होती. आमच्या जोगेश्वरीला पश्चिमेला ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आहे. तिथल्या एका सुतारानं जुन्या सागवानी फळ्यांची तेवढ्याच मापाची पेटी करून दिली.

तुम्ही म्हणाल, एवढे भाग बदलल्यावर तो अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर राहिला का? मला मिरजेचे कारागीर आठवतात. तंबोऱ्याची घोडी झिजते, जवारी बिघडते. कारागीर ती घासून पुन्हा लावून देतो, तारा बदलतो. म्हणून कुणी तंबोरा नवा झाला म्हणत नाही. पण भोपळ्याला मात्र तो विनाकारण हात लावत नाही, कारण नाद तिथे आहे. दुरुस्तीचं सारं शहाणपण मला यातच दिसतं. झिजणारं असेल ते न कुरकुरता बदलावं, टिकणारं असेल ते जपावं, आणि जिवाशी गाठ असेल तिथे जुनेपणाचं कौतुक बाजूला ठेवावं. कंडेन्सर पहिल्या जातीचे, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या, दोन पिनांचा प्लग तिसऱ्या. कुठली वस्तू कुठल्या जातीची, हे ओळखता येणं म्हणजे कारागिरी.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर तीन गोष्टी करा. प्लग लावून बघू नका. पत्रा उघडून आत हात घालू नका. आणि भंगारात देण्याआधी व्हॉल्व्हचं काम येणारा एखादा जुना मेकॅनिक गाठा. शक्य असेल तर घरातलं एखादं तरुण मूल त्याच्या शेजारी बसवा. यंत्र दुरुस्त होईलच, पण ते काम पुढे कुणाला तरी येईल.

त्या संध्याकाळी मुलानं गिटार लावली. आधी हळू वाजवली, मग जोरात, आणि त्याच्या लक्षात आलं की आवाज नुसता वाढत नाही, भरत जातो. तो पुन्हा पुन्हा एकच तार छेडत बसला. आतल्या खोलीतून अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, काठी टेकत बाहेर आल्या. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "याची घरघर गेली रे. पूर्वी घरघर आली की कळायचं, हे बसले म्हणून."

मी म्हटलं, "काकू, कंडेन्सर नवे आहेत."

"असू दे," त्या म्हणाल्या, "वाजव रे तू."

पुढच्या महिन्यात आवाजाचं बटण खरखरतं म्हणून आम्ही पेटी पुन्हा उघडली. साठा उतरवून, मीटरनं शून्य पाहून, बटणात साफ करायचा स्प्रे मारला. मग मोजमापासाठी यंत्र चालू केलं. मी काही बोलायच्या आधीच मुलानं आपला डावा हात खिशात घातला होता.